व्याख्यानानंतरचे प्रश्न

पुण्याच्या मॉडेल कॉलनीत आतुर सेंटर नावाची इमारत आहे. सिम्बायोसिसची संगणकशास्त्राची संस्था तिथं भरते. लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्या पुण्यातल्या मंडळींचा जो गट आहे, ज्याला सगळे ‘प्लग’ म्हणतात, त्याच्या बैठका बरीच वर्षं याच इमारतीत होत आल्या. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी व्याख्यान कशावर होतं हे आज आठवत नाही. आठवतो तो स्कूटरच्या पायाशी सीपीयूचा डबा ठेवून आलेला एक मुलगा. त्याच्या मशिनवर लिनक्स चढलं होतं, पण आवाज येत नव्हता. व्याख्यान संपलं, वक्ते वायर गुंडाळायला लागले आणि पाच-सहा जण त्या डब्याभोवती खाली फरशीवर बसले. दीड तासानं आवाज आला. ड्रायव्हर म्हणजे काय, कर्नल म्हणजे काय, बिघाडाची नोंद कुठल्या फाइलमध्ये सापडते, हे मला त्या दीड तासात जेवढं कळलं तेवढं कॉलेजच्या एका अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं.

संगणकाच्या क्षेत्रातल्या सोसायट्या, मंडळं आणि युजर ग्रुप गेली साठ वर्षं आपल्याकडे व्याख्यानं भरवत आले आहेत. नवं तंत्रज्ञान, सुरक्षा आणि नोकरी या तीन विषयांभोवती ती फिरत राहिली. त्यातून हाती काय लागलं, हे मी बरेच दिवस मनाशी जुळवून पाहतो आहे, आणि माझा हिशेब त्या डब्यापासून सुरू होतो. व्याख्यानातली माहिती आता घरबसल्या मिळते. पण एखाद्या घोळात अडकलेला माणूस आणि तोच घोळ पूर्वी निस्तरलेला माणूस, हे दोघं एका खोलीत येणं अजूनही दुर्मीळ आहे. त्या भेटीसाठी ही मंडळं हवीत. म्हणून कुठल्याही मंडळाकडे बघताना मी एक गोष्ट पाहतो: तिथं प्रश्न कोण विचारू शकलं, आणि कोण गप्प बसून परत गेलं.

व्याख्यानं ऐकायची सवय मराठी मुलखाला जुनी आहे. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली सभा काढली. तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, शास्त्रीय विषयांवरचे निबंध मराठीतून वाचले जात. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती आजही चालू आहे. पुढं १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. आणि तिच्या एकच वर्ष आधी, १९६५ साली, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया जन्माला आली. तिचंही मुख्य कार्यालय मुंबईतच. एका वर्षाच्या अंतरानं दोन संस्था उभ्या राहिल्या. एकीनं विज्ञान मराठीत सांगायचं ठरवलं, दुसरीचा सगळा कारभार इंग्रजीत झाला. या दोघींची गाठ अधिक वेळा पडायला हवी होती, असं मला फार वाटतं. ती पडली असती तर आज संगणकावर मराठीत बोलताना आपण इतके अडखळलो नसतो.

अर्थात त्या काळात इंग्रजीला पर्यायही नव्हता. देशात संगणक मोजके. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला संगणक १९६० साली चालू झाला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे त्या वेळचं बलाढ्य अमेरिकी यंत्र आलं. टिफ्रॅक बांधणाऱ्या गटातले प्रा. आर. नरसिंहन हे कॉम्प्युटर सोसायटीचे पहिले अध्यक्ष. नंतरच्या अध्यक्षांमध्ये टीसीएसचे फकीरचंद कोहलीही होते. यंत्रं थोडी, ती चालवणारे वेगवेगळ्या प्रांतांतले, पुस्तकं मिळायची मारामार. एका ठिकाणी छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात झालेली चूक दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला कळायची ती भेटीतच. सोसायटी ही त्या माणसांची गरज होती. पुढं तिच्या देशभर सत्तरच्या आसपास शाखा झाल्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथल्या शाखांनी व्याख्यानं, परिषदा, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा असं बरंच काही केलं. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी शाखा निघाल्या आणि तिथं मात्र एक बदल झाला. पूर्वी श्रोता अडचण घेऊन यायचा. आता त्याला वर्ग सोडून आणून बसवलं जाऊ लागलं. हजेरीपत्रक फिरतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, मध्ये प्रश्न विचारला तर कार्यक्रम लांबतो. मी अशा कार्यक्रमांत बोललो आहे. दोनशे मुलं समोर आणि तासाभरात एक हात वर नाही, ही गोष्ट वक्त्याला आतून पोखरते.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत या सगळ्या व्यवहाराला दुसरी वाट फुटली. डायल-अपवर लिनक्स उतरवून घेणं जवळपास अशक्य होतं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या आणि त्या हातोहात फिरायच्या. पुण्यात प्लग, मुंबईत आयलग-बॉम, गोव्यात आयलग-गोवा असे गट जमले. वर्गणी नाही, पदाधिकारी नावापुरते. मेलिंग लिस्टवर भांडायचं आणि महिन्यातून एकदा भेटायचं. आतुर सेंटरमधलाच ‘ग्नुनिफाय’ हा वार्षिक मेळा विद्यार्थ्यांनी चालवला, आणि त्यात बोलायला आलेला माणूस जेवणाच्या रांगेत तुमच्या मागे उभा असायचा. २००६ मध्ये बारकँप आले. तिथं वक्ते आधी ठरलेले नसायचे. सकाळी भिंतीवर कागद लावायचे, ज्याला बोलायचं त्यानं आपलं नाव लिहायचं. २००८ पासून ‘पुणेटेक’ या संकेतस्थळानं शहरात कुठं काय भरतंय याची नोंद ठेवायला सुरुवात केली. आज साधी वाटते, पण या एका कामानं कितीतरी माणसं एकमेकांपर्यंत पोचली. २०११ साली पायकॉन इंडिया ही पायथनची राष्ट्रीय परिषद बंगळुरूबाहेर पहिल्यांदा भरली, ती पुण्यात. परगावच्या मुलांना एसटीनं येऊन संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर ती भरली, याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

तंत्रज्ञानाच्या व्याख्यानांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. भाषा बदलतात, फ्रेमवर्क येतात-जातात, क्लाउडची लाट आली, आता एआयची आहे. कंपन्या जागा देतात, पिझ्झा देतात, त्या बदल्यात आपल्या मालाबद्दल वीस मिनिटं बोलून घेतात. हा व्यवहार उघड असला तर माझी त्याला हरकत नाही. वाईट तेव्हा वाटतं, जेव्हा तांत्रिक व्याख्यान म्हणून बोलावतात आणि तासभर विक्रीच चालते. ज्याला मालातला दोष ठाऊक आहे असा माणूस खोलीत असतो, पण कंपनीच्या कार्यालयात, कंपनीचा चहा हातात धरून, तो बोलत नाही.

सुरक्षेच्या क्षेत्रात मात्र या बैठकांना खरी धार आहे, कारण इथं एकाची चूक दुसऱ्याला वेळेवर कळली तर लोकांचे पैसे वाचतात.

पुण्यात डिसेंबर २००७ मध्ये ‘क्लबहॅक’ ही हॅकरांची परिषद भरली, तेव्हा हॅकर हा शब्द वर्तमानपत्रांत चोर या अर्थानंच छापला जाई. त्यानंतर ‘नल’ नावाचा खुला गट वाढला. त्याची ‘नलकॉन’ परिषद २०१० पासून गोव्यात भरू लागली आणि तिथं जगभरातले संशोधक येऊ लागले. पण माझ्या लेखी नलकॉनपेक्षा नलच्या शहराशहरांतल्या महिन्याच्या बैठका महत्त्वाच्या आहेत. शनिवारची सकाळ, कुणीतरी दिलेली जागा, प्रवेश फुकट. सुरुवातीला कुणीतरी महिन्याभरातल्या सुरक्षेच्या बातम्या सांगतं, हा भाग बहुतेक वेळा एखाद्या नवख्याकडे देतात. उभं राहून बोलायची भीती मोडायची ही चांगली युक्ती आहे. हातानं करून पाहायच्या सत्रांना त्यांनी नावं दिली तीही आपल्या कानाला ओळखीची: हल्ला कसा होतो ते शिकायचं ‘हमला’, तो कसा थोपवायचा ते शिकायचं ‘बचाव’. अशा सत्रात मी बँकेतल्या पन्नाशीच्या माणसाला दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून एसक्यूएल इंजेक्शन हा डेटाबेसवरच्या हल्ल्याचा प्रकार समजून घेताना पाहिलं आहे. तो तिला ‘मॅडम’ म्हणत होता आणि मनापासून म्हणत होता.

या बैठकांचं महत्त्व पुण्याला एका शनिवारनं पटवलं. ११ ऑगस्ट २०१८. त्या दुपारी कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून जगभरातल्या एटीएममधून पैसे निघायला लागले. २८ देशांत मिळून सुमारे बारा हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतात आणखी अडीच कोटी, त्यातले काही कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून जवळपास चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. १९०६ साली स्थापन झालेली बँक, पुण्यात घराघरात खातं असलेली. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचशेजारी आपला खोटा स्विच उभा केला होता. एरवी कार्ड यंत्रात घातलं की विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जाते, शिल्लक पाहिली जाते आणि मग होकार येतो. इथं विचारणा मध्येच खोट्या स्विचकडे वळत होती आणि तो प्रत्येकाला होकार देत होता. म्हणून खातेदारांच्या शिल्लकेला हात न लागता पैसे निघत राहिले.

त्यानंतरचे काही महिने पुण्यातल्या प्रत्येक बैठकीत कॉसमॉसची चर्चा होती. लहान नागरी बँकांमधली माणसं, जी पूर्वी अशा ठिकाणी कधी दिसली नव्हती, ती मागच्या रांगांत येऊन बसू लागली. त्यांचे प्रश्न विचित्र साधे होते, आणि म्हणून मोलाचे. आमचा स्विच आमचा नाही, दुसऱ्या कंपनीचा आहे, मग त्याची नोंद मी कुणाकडे मागू? शनिवारी दुपारी बँक बंद झाल्यावर लक्ष कोण ठेवणार? एका रात्रीत एका देशातून जास्तीत जास्त किती पैसे निघू शकतात याला मर्यादा घालता येते का? या प्रश्नांची उत्तरं व्यासपीठावरच्या स्लाइडमध्ये नव्हती. ती खोलीत बसलेल्या, पेमेंटच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या दोन-तीन जणांपाशी होती. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्या ठरवून दिल्या. परिपत्रक आल्यावर त्याचा अर्थ लावायलाही लोक याच खोल्यांमध्ये येत होते.

एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका मध्यम आकाराच्या संस्थेची संगणक यंत्रणा सांभाळत होते. खंडणीखोर सॉफ्टवेअरनं त्यांचा सगळा डेटा कुलूपबंद केला. बॅकअप होता, रोज घेतला जात होता, पण ज्या डिस्कवर तो घेतला जायचा ती कायम त्याच सर्व्हरला जोडलेली. बॅकअपही कुलपात गेला. आठ दिवस संस्था हातानं पावत्या लिहीत होती. वर्षभरानं ते एका बैठकीत उभे राहिले आणि संस्थेचं नाव न घेता सगळं सांगितलं. कुठल्या ईमेलनं सुरुवात झाली, कुणी दुर्लक्ष केलं, त्यांचं स्वतःचं कुठं चुकलं. पंचवीस मिनिटं खोलीत कुणी मोबाईलकडे पाहिलं नाही. त्या सोमवारी निदान चार ठिकाणी बॅकअपच्या डिस्क काढून कपाटात ठेवल्या गेल्या, हे मला नंतर त्या त्या माणसांनी सांगितलं. हे व्याख्यान कुठल्याही मोठ्या परिषदेत झालं नसतं. कंपनीचा जनसंपर्क विभाग अशी भाषणं होऊ देत नाही, वकील तर नाहीच नाही. जिथं श्रोते पन्नास आहेत, चेहरे ओळखीचे आहेत आणि कॅमेरा बंद आहे, तिथंच माणूस आपली चूक सांगतो.

म्हणूनच प्रत्येक बैठक रेकॉर्ड करून युट्यूबवर टाकण्याचा आग्रह मला पटत नाही. त्यामागची भावना चांगली आहे, गावाकडच्या मुलांना बघायला मिळावं अशी. पण कॅमेरा लागला की पहिली गळते ती कबुली. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं ऑनलाइन गेलं. तेव्हा परभणीची, रत्नागिरीची नावं यादीत दिसायला लागली याचा आनंद झाला होता. प्रश्न मात्र चॅटच्या खिडकीत एका ओळीचे झाले. व्याख्यान ऑनलाइन असू द्यावं, चुकांची कहाणी बंद दाराआड असावी, अशी विभागणी काही गट आता करतात. मला ती शहाणपणाची वाटते.

कायद्याचा विषय या बैठकांमध्ये अजून पुरेसा आलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, २००८ मध्ये सुधारलेला. त्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि सद्हेतूनं दोष शोधणाऱ्या संशोधकाला स्पष्ट संरक्षण देणारं कलम त्यात नाही. एखादा विद्यार्थी उत्साहात एखाद्या सरकारी पोर्टलमधला दोष शोधतो आणि अभिमानानं ट्विट करतो. त्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं. दोष दिसला तर थांबायचं, कुणाचाही डेटा उतरवून घ्यायचा नाही, सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला किंवा त्या संस्थेला लेखी कळवायचं आणि वाट पाहायची. कायद्याच्या वापराचा कडू अनुभव महाराष्ट्राइतका कुणाला असेल? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली, आणि ज्या ६६ अ कलमाखाली तेव्हा कारवाई झाली ते सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं, १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवायला सांगितलं. आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. एखादा वकील आणि एखादा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर शेजारी बसवून तासभर फक्त श्रोत्यांचे प्रश्न घ्यायचे, एवढं केलं तरी खूप काम होईल.

विद्यार्थी सगळ्यात जास्त येतात ते तिसऱ्या विषयासाठी, नोकरीसाठी. आयटीत पुढं काय, या व्याख्यानाला हॉल अपुरा पडतो. मुलांच्या मनातल्या भीतीची टिंगल करू नये. ही भीती संगणकाइतकीच जुनी आहे. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणून १९६० च्या दशकात कर्मचाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. यंत्रांनी काम गेलं तर माणसांचं काय, हे पाहण्यासाठी सरकारनं समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते, अहवाल १९७२ चा. बँकांमध्ये संगणक आले ते १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावर, बेतानं. त्या वेळी मागं ओढणारे म्हणून ज्यांची संभावना झाली त्यांचा प्रश्न मुळात रास्त होता: बदलाची किंमत कोण मोजणार? २०००-०१ मध्ये डॉटकॉम कोसळलं तेव्हा, २००८ च्या मंदीत आणि आता एआयच्या निमित्तानं तोच प्रश्न परत आला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर हिंजवडीतल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज मोठ्या सेवा कंपन्यांत दशकभराहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या घरात अडकून पडलेलं आहे, आणि त्याच काळात वाकडमधलं खोलीचं भाडं कुठल्या कुठं गेलं. हे व्यासपीठावरून सांगणारा वक्ता मला क्वचित भेटला. कंपनीतर्फे आलेला माणूस ते सांगू शकत नाही. क्लासवाला सांगणार नाही, कारण त्याला कोर्स विकायचा आहे.

सुरक्षेतल्या नोकऱ्यांबद्दल तर फार चुकीचं चित्र मुलांपुढे आहे. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं आणि बग बाउंटीचे, म्हणजे दोष शोधल्याच्या बक्षिसाचे, डॉलर. प्रत्यक्षात पहिली नोकरी बहुधा एसओसीमध्ये मिळते. म्हणजे धोक्याच्या सूचना येत राहतात त्या खोलीत पाळीपाळीनं बसायचं, रात्रपाळी करायची, शंभर खोट्या इशाऱ्यांमधून एक खरा ओळखायचा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि महत्त्वाचंही आहे. कॉसमॉसच्या शनिवारी असा कुणीतरी जागा असता तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. मुलं विचारतात, सुरक्षेच्या परीक्षांपैकी सीईएच करू की ओएससीपी? मी त्यांना सांगतो की आधी एखादं नेटवर्क स्वतः उभं करा, ते बिघडवा, दुरुस्त करा. परीक्षेची फी मोठी आहे. शेतकरी बापानं पीककर्जातून ती भरायची आणि मुलाच्या हाती प्रमाणपत्रापलीकडे काही लागायचं नाही, हे मी पाहिलेलं आहे आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

नोकरीच्या सल्ल्यापलीकडे अशा मंडळांचं आणखी एक काम असतं, व्यवसायाची शिस्त शिकवायचं. ब्रिटनमध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी १९५७ ची, तिला १९८४ मध्ये राजसनद मिळाली. तिच्या स्थानिक शाखांची संध्याकाळची व्याख्यानं बहुतेक सर्वांना खुली असतात, आणि संस्था पात्र सभासदांना ‘चार्टर्ड’ हा दर्जा देते, म्हणजे व्यवसायाच्या नीतिनियमांना बांधलेला माणूस. आपल्याकडे डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांची नोंद ठेवणाऱ्या, गैरवर्तन केलं तर ती काढून घेणाऱ्या संस्था आहेत. लाखो लोकांचे पैसे आणि तब्येतीच्या नोंदी ज्यांच्या हातात आहेत त्या संगणकवाल्यांची तशी नोंद नाही. ती असावी की नाही यावर मतभेद आहेत, मलाही परवान्यांच्या कारभाराची धास्ती वाटते. पण तोवर साहेबांनी सांगितलं तरी अमुक काम करायचं नाही, हे नवख्याला कळणार कुठं? मला ते कळलं ते बैठकीनंतर एका ज्येष्ठानं जिन्यात थांबवून सांगितलं तेव्हा.

आणि आता भाषेकडे येतो. पुण्यात ‘टेकमराठी’च्या मंडळींनी तंत्रज्ञानाची व्याख्यानं आवर्जून मराठीत घेतली. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणासाठी शब्द ठरवायला ‘फ्युएल’ प्रकल्पाचे लोक जमले. प्रयत्न झाले ते शहरातच आणि थोडेच. एरवी नव्वद टक्के श्रोते मराठी असलेल्या खोलीत वक्ता इंग्रजीत बोलतो, आणि चहाला बाहेर आला की तोच सगळं मराठीत सांगतो. याचा परिणाम शेवटच्या रांगेला भोगावा लागतो. तिथं बार्शीहून, उदगीरहून आलेली मुलं असतात. त्यांना व्याख्यान समजतं, प्रश्न इंग्रजीत जुळवता येत नाही. जुळवून होईपर्यंत पुढचा वक्ता उभा राहिलेला असतो. मुलींचं तर दुप्पट अवघड, संध्याकाळची बैठक लांबली की त्यांना वसतिगृहाचं दार बंद होण्याआधी निघावं लागतं, आणि खरी चर्चा सुरू होते तीच त्या वेळी. मराठीत बोलायचं म्हणजे सर्व्हरला नवा शब्द शोधायचा असं नव्हे. सर्व्हर, पासवर्ड, बॅकअप हे आता आपलेच शब्द आहेत. वाक्य मराठी हवं, आणि प्रश्न मराठीत चालेल हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगायला हवं. मी दोन वर्षांपासून ते सांगतो. पहिला हात आता मागून वर येतो.

शहराबाहेर तर या बैठकांना अजून वाटच सापडलेली नाही. रिझर्व्ह बँकेची चौकट नागरी बँकांना लागू आहे. महाराष्ट्रात गावोगावी ज्या पतसंस्था आहेत त्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत बसत नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या विक्रेत्यानं बसवलेलं असतं, आणि तो दुरूनच जोडणी करून ते दुरुस्त करतो, बहुतेकदा सगळीकडे एकाच पासवर्डनं. तिथल्या कर्मचाऱ्यांपर्यंत ना सोसायटीची शाखा पोचते, ना नलची बैठक.

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसमोर बोलायला गेलो होतो. बाजार समितीचं सभागृह, साठ-सत्तर माणसं, निम्म्या बायका. मी तासाभराची तयारी केली होती, तिसाव्या मिनिटाला स्लाइड बंद केल्या, कारण प्रश्न थांबेनात. ओटीपी मागणारा माणूस मराठीत, तेही आमच्याच बोलीत बोलतो, मग ओळखायचा कसा? सभासदानं खोट्या पोलिसाच्या फोनवरच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीनं ठेव मोडायला आणली तर आम्ही त्याला थांबवू शकतो का? फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन किती वेळात करायचा? मी सांगितलं, ताबडतोब, पैसे पुढं सरकायच्या आत, दर मिनिट मोलाचं आहे. अडीच तास झाले. लोक उठायला लागले तेव्हा कॅशियरच्या जागेवर काम करणारी एक ताई पुढं आली. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “सर, आमच्याकडं सगळे एकाच लॉगिननं काम करतात. मॅनेजरसाहेबांचं. उद्या काही झालं तर माझं नाव कुठंच नाही, आणि काही झालं नाही म्हणून सांगायला पण माझं नाव कुठं नाही. हे मी बोलायचं कुणाकडं?”

सहकार खात्याचे लेखापरीक्षक तपासणीला येतात त्या दिवशी त्यांना सांगता येईल, असं मी म्हणालो. स्वतःच्या वहीत रोज कामाची वेळ लिहून ठेवा, असंही सांगितलं. तिनं ते दोन्ही लिहून घेतलं. मग म्हणाली, “तपासणीच्या दिवशी मला रजेवर पाठवतात.”

मी परत येतो, असं तिला सांगून आलो. या वेळी सोबत एक वकीलबाई असणार आहेत आणि एक निवृत्त लेखापरीक्षक. सभागृह तेच आहे.